सम्पचा संप: खाऱ्या पाण्याच्या टाकीसाठी रिटर्न पंप निवडताना

आधीच सांगते, मी मत्स्यतज्ज्ञ वगैरे नाही, बँकेत नोकरी करते. घरातली खाऱ्या पाण्याची टाकी मुलाची. तो कॉलेजसाठी बंगळुरूला गेला आणि दोन क्लाउनफिश, एक निळी डॅमसेल आणि एक क्लीनर कोळंबी माझ्या पदरात टाकून गेला. मार्च २०२४ मध्ये पंप गेला तेव्हा "रिटर्न पंप" हा शब्द मला माहीत होता, त्यापलीकडे फारसं काही नाही. नंतरचे पाच आठवडे जे झालं ते क्रमाने लिहून ठेवते आहे.

ज्यांच्याकडे अशी टाकी नाही त्यांच्यासाठी एक परिच्छेद. वर दिसते ती मुख्य टाकी. तिच्या एका कोपऱ्यात ओव्हरफ्लोचा कप्पा असतो, त्याच्या दातेरी काठावरून पाणी आत पडतं आणि पाइपने खालच्या कपाटातल्या दुसऱ्या टाकीत येतं. तिला सम्प म्हणतात. तिथे गाळणी, स्किमर (फेसाबरोबर घाण बाहेर काढणारं यंत्र), हीटर असं सगळं. तिथून पाणी पुन्हा वर चढवतो तो रिटर्न पंप. हा चोवीस तास, बारा महिने चालतो. आमची टाकी १२० सेंटिमीटर लांब, ४५ रुंद, ५० उंच, म्हणजे हिशेबाने २७० लिटर. वाळू-दगड वजा जाता २३० धरा.

शनिवार, ९ मार्च २०२४. रात्री साडेदहाला सासूबाई म्हणाल्या, "आज तुझं तळं गप्प कसं?" टीव्ही बंद झाला की हॉलमध्ये जी बारीक घरघर ऐकू यायची ती नव्हती. कपाट उघडून सम्पमध्ये हात घातला आणि बोटात झिणझिण्या आल्या. सकाळीच विळीवर बोट कापलं होतं, तिथे नेमकं चरचरलं. मी मूर्खासारखा पुन्हा हात घालून खात्री केली. मग मात्र घाबरून सम्पची सगळी बटणं बंद केली.

खालच्या मजल्यावरचे काका वीज मंडळातून निवृत्त झालेले. ते रात्रीच टेस्टर घेऊन वर आले. पंपाची वायर अंगापाशी तडकली होती आणि खारं पाणी आत शिरलं होतं. "तुमच्याकडे आरसीसीबी नाही का?" म्हणाले. वीज गळायला लागली की क्षणात पुरवठा तोडतो तो. नव्हता. दुसऱ्या दिवशी इलेक्ट्रिशियनकडून ३० मिलिअँपिअरचा बसवून घेतला, मजुरीसकट २,४०० रुपये. पंपाच्या आधी हा खर्च करा. आणि प्रत्येक वायर सॉकेटपर्यंत जाण्याआधी खाली लोंबेल अशी ठेवा, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी लोंबत्या टोकाशी गळून पडतं, सॉकेटमध्ये जात नाही. हेही काकांनीच दाखवलं.

मासे मेले नाहीत, याचं श्रेय माझं नाही. मुख्य टाकीत लाटा करणारा एक छोटा वेव्हमेकर वेगळा चालू होता. तो पृष्ठभाग हलता ठेवतो, त्यामुळे पाण्याला हवा मिळत राहते. सम्प बंद पडला तरी लगेच आकांत होत नाही, थोडा वेळ हातात असतो. मला तेव्हा हे माहीत नव्हतं, म्हणून रविवारी माळ्यावरच्या कूलरचा पंप काढून सम्पमध्ये सोडला. चार दिवस चालला. पाचव्या दिवशी त्याच्या स्क्रूंवर गंज दिसला तेव्हा काढून टाकला. खाऱ्या पाण्यात साधं लोखंड गंजतं आणि तांबं-पितळ त्याहून वाईट, कारण कोळंबीसारख्या जिवांना तांबं थोडंसंही सोसत नाही.

मग मी ती चूक केली जी बहुतेक जण करत असावेत. १३ मार्चला ऑनलाइन बसून सर्वात मोठा आकडा असलेला पंप मागवला. ताशी ८,००० लिटर, ८५ वॉट, ३,८५० रुपये. जुन्यावर ३,००० लिहिलेलं होतं, म्हणजे हा अडीचपटीहून चांगला, असा माझा बँकेतला हिशेब. १६ तारखेला आला, त्याच दिवशी लावला.

पहिला त्रास आवाजाचा. ओव्हरफ्लोच्या पाइपातून गटारासारखा गडगडाट सुरू झाला, कारण वरून खाली जायचा पाइप तेवढ्या पाण्यासाठी नव्हताच. दुसरा, सम्पमध्ये पाणी इतक्या वेगाने धावायला लागलं की बारीक बुडबुडे पंपातून थेट वर. टाकी सोडावॉटरची बाटली दिसायला लागली. बुडबुडे कमी व्हावेत म्हणून मी सम्पमध्ये तीन-चार सेंटिमीटर पाणी वाढवलं. हे लक्षात ठेवा, पुढे येणार आहे. तिसरा त्रास हळूहळू कळला. पाण्यात बुडून चालणाऱ्या पंपाची उष्णता पाण्यातच राहते. आठवड्यात तापमान २७ वरून २९ वर. मार्चमध्ये ही गत, तर एप्रिल-मेच्या पुण्यात काय होणार होतं!

२८ मार्च, गुरुवार. पुणेकरांना गुरुवार म्हणजे काय हे सांगायला नको, देखभालीसाठी वीज जायचीच. दहाच्या सुमाराला गेली. मी ऑफिसात. सव्वादहाला सासूबाईंचा फोन, "हॉलमध्ये समुद्र आलाय." त्यांनी आधीच दोन जुनी लुगडी टाकली होती. घरी येऊन पाहिलं तर सम्प काठोकाठ आणि कपाटाखालून पाण्याचा ओघळ सोफ्यापर्यंत. मार्बोनाइटवर मिठाचे पांढरे डाग पुढे दोन दिवस पुसत होते.

का झालं, ते त्या रात्री कागदावर मांडलं तेव्हा समजलं. पंप थांबला की वर नेणाऱ्या पाइपातून पाणी उलटं खाली यायला लागतं, सायफनसारखं. टाकीतलं पाणी पाइपाच्या तोंडाच्या खाली जाऊन तोंडात हवा शिरेपर्यंत हे चालतं. आमच्या टाकीत एक सेंटिमीटर पाणी म्हणजे १२० गुणिले ४५, म्हणजे ५.४ लिटर. तोंड पाच सेंटिमीटर बुडालेलं, म्हणजे २७ लिटर. कप्प्यातलं आणि पाइपातलं मिळून आणखी सहा. मोठ्या पंपामुळे दातेरी काठावर पाण्याचा थर दीडेक सेंटिमीटर जाड झाला होता, तो आठ लिटर. झाले ४१. सम्प ७५ बाय ३५, म्हणजे सेंटिमीटरला २.६ लिटर. ४१ लिटर मावायला जवळजवळ १६ सेंटिमीटर जागा हवी. सम्पची उंची ३८, आधीची पातळी २२. बुडबुड्यांसाठी वाढवलेलं पाणी नसतं तर थोडक्यात निभावलं असतं.

दुपारी वीज आली आणि पंप नुसताच गुणगुणत राहिला. चाक फिरेना. अकरा-बारा दिवसांचा पंप.

आता थोडी कागदपत्रांची गोष्ट. २९ तारखेला विक्रेत्याकडे वॉरंटीची मागणी नोंदवली. बिल, पंपावरच्या क्रमांकाचा फोटो, गुणगुणण्याचा व्हिडिओ, सगळं पाठवलं. दोन दिवसांनी उत्तर आलं की खाऱ्या पाण्यात वापरल्यामुळे वॉरंटी लागू नाही. विकताना मात्र पानावर "समुद्राच्या पाण्यासाठी योग्य" असं लिहिलेलं होतं. सुदैवाने मी त्या पानाचा स्क्रीनशॉट घेतला होता, तोसुद्धा मुलाला दाखवायला. २ एप्रिलला राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन केला. बाईंनी शांतपणे सगळं लिहून घेतलं आणि तक्रारीचा क्रमांक दिला. नंतर स्क्रीनशॉट आणि बिल जोडलं. पंप कुरिअरने परत पाठवला, ३१० रुपये माझ्या खिशातून. पैसे २२ एप्रिलला जमा झाले. वीस दिवस. भांडावं लागलं नाही, फक्त तोच तक्रार क्रमांक तीनदा सांगावा लागला. विक्रीच्या पानाचा फोटो खरेदीच्या दिवशीच घेऊन ठेवा, नंतर पान बदलतं.

३१ मार्चच्या रविवारी न्यू जर्सीहून धाकट्या दिराचा फोन होता. तो एप्रिलच्या शेवटी येणार होता. "वहिनी, इथून चांगला आणतो ना!" मला मोह झाला. पण काका म्हणाले, तिथली वीज १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ. इथे तसाच लावला तर जळेल. ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्ट उतरवता येतात, पण हर्ट्झ ५०च राहतात. एसी पंपाचं, म्हणजे थेट घरच्या विजेवर चालणाऱ्या पंपाचं, चाक त्या हर्ट्झच्या तालावर फिरतं, म्हणजे ते सहाव्या हिश्श्याने मंदावणार आणि पाणी चढवायची ताकद जवळजवळ तीस टक्क्यांनी घटणार. डीसी पंपाचा अ‍ॅडॉप्टर बहुधा १०० ते २४० व्होल्टवर चालतो, तो चालेल. पण बिघडला तर? वॉरंटीसाठी पार्सल न्यू जर्सीला? दिराला मी चॉकलेटं आणायला सांगितली.

आता जुना हिशेब नीट करायचं ठरवलं. खोक्यावरचा आकडा शून्य उंचीचा असतो, म्हणजे पंप पाणी अजिबात वर चढवत नसतानाचा. उंची वाढत जाते तसं पाणी घटतं आणि एका उंचीला पंप फिरतो पण पाणी बाहेर येत नाही. ती कमाल उंची, खोक्यावर एचमॅक्स म्हणून लिहिलेली असते. चांगल्या पंपाबरोबर या दोन्हीचा आलेख येतो. आलेख नसेल तो पंप घेऊच नये, या मताला मी आता आले आहे. आपली उंची मोजायची ती पंपापासून किंवा जमिनीपासून नाही, सम्पमधल्या पाण्याच्या पृष्ठभागापासून पाइपाच्या सर्वात उंच जागेपर्यंत. स्टँड ८०, टाकी ५०, काठावरून पाइप ८, वजा सम्पची पातळी. आता मी ती २२ ऐवजी २५ धरत होते, तसं का ते पुढे. आले ११३ सेंटिमीटर. त्यात पाइपाचं घर्षण आणि कोपरे. एका काटकोनी एल्बोमागे फूटभर उंची धरा असा हौशी मंडळींचा ठोकताळा आहे. तो भित्रा आहे, प्रत्यक्षात इतकं जात नाही, पण चुकला तर बऱ्या बाजूला चुकतो. मी एकंदर दीड-पावणेदोन मीटर धरली.

आणि पाणी किती हवं? अमेरिकी हौशी लोकांचे आकडे ताशी दहापट वगैरे असतात, कारण त्यांच्या टाक्यांत प्रवाळ असतात. आपल्याकडे प्रवाळ वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. आमच्या टाकीत कोरडे दगड आणि मासे, बस. हलतं पाणी वेव्हमेकर देतो. सम्पमधून ताशी पाच-सहा वेळा पाणी फिरलं तरी पुष्कळ. २३० गुणिले सहा, म्हणजे १,४०० लिटरच्या आत. आठ हजाराच्या पंपाची गरज कधीच नव्हती.

६ एप्रिल, शनिवार. डेक्कन क्वीन, सकाळची सव्वासात. साडेदहाच्या आसपास सीएसएमटी, तिथून चालत क्रॉफर्ड मार्केट. पुण्यात दुकानं आहेत, पण मला चार पंप एका टेबलावर ठेवून बघायचे होते. अकराच्या आधी जाऊन उपयोग नाही, शटर अर्धी वर असतात आणि मालक पिंजऱ्यांतल्या पक्ष्यांना दाणे घालत असतात. तिसऱ्या दुकानातल्या वयस्कर गृहस्थांनी विचारलं, "ताई, टाकी किती फुटी?" मी कागद पुढे केला. त्यांनी चष्मा वर सारला, कागद वाचला आणि म्हणाले, "मग तुम्हाला फार मोठा लागत नाही." आठ हजारांचा खपवायची संधी होती त्यांना.

टेबलावर जर्मन एहाईम, इटालियन सिचे आणि दोन चिनी डीसी पंप. एसी पंप साधा असतो, एक वायर, बटण दाबलं की सुरू. त्याचं चाक सुरू होताना कधी उजवीकडे, कधी डावीकडे फिरायला लागतं म्हणून पाती सरळ असतात. डीसी पंप इलेक्ट्रॉनिक्सने एकाच दिशेला फिरतो, म्हणून पाती वळलेली, त्यामुळे कमी विजेत जास्त पाणी आणि आवाज कमी. वेग कमी-जास्त करता येतो, खायला घालताना दहा मिनिटं थांबवता येतो, आणि वीज आली की हळूहळू वेग घेतो. तोटा म्हणजे कंट्रोलर. तो गेला की पंप चांगला असूनही उपयोग नाही, आणि खाऱ्या हवेत तो जातोच कधी ना कधी. दुकानदारांना विचारलं, कंट्रोलर सुटा मिळतो का? दोनपैकी एकाचा मिळत होता, १,९०० रुपयांना. माझा निर्णय तिथेच झाला. २४ व्होल्ट, ४० वॉट, शून्य उंचीला ताशी ५,००० लिटर, कमाल उंची साडेतीन मीटर. ७,२०० रुपये, पक्कं बिल, वर्षाची वॉरंटी आणि बिलावर त्यांच्याच हाताने लिहून घेतलं: "खाऱ्या पाण्यासाठी". नाव मुद्दाम देत नाही. तुमची उंची वेगळी, पाइप वेगळा. नाव वाचून घ्याल आणि आलेख बघणार नाही.

येताना संध्याकाळच्या डेक्कन क्वीनमध्ये खोकं मांडीवर. शेजारच्या आजींना वाटलं मिक्सर आहे.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी बोहरी आळीत पाइप आणि जोड घ्यायला गेले. इथे दोन धडे. पंपाचा आटा मिलिमीटरमध्ये आणि आपले पाइप इंचात, तेव्हा पंपाचं तोंड बरोबर घेऊन जा. तीन दुकानांत "होईल ताई" ऐकलं, चौथ्यात झालं. दुसरं, आट्याचे बरेच सीपीव्हीसी जोड आतून पितळी असतात. बाहेरून दिसत नाही, तोंडात डोकावून बघायचं. मी पूर्ण प्लास्टिकचे मागितल्यावर दुकानातला मुलगा म्हणाला, "पितळी जास्त टिकतात." कोळंबीबद्दल त्याला सांगत बसले नाही. पाऊण इंचीऐवजी एक इंची पाइप घेतला. तेवढ्याच पाण्याला होणारं घर्षण यात साधारण चौथ्या हिश्श्यावर येतं, आणि फरक पडतो शे-दीडशे रुपयांचा. काटकोनी एल्बोंऐवजी जिथे जमलं तिथे ४५ अंशांचे दोन-दोन. पंपापाशी एक युनियन, म्हणजे सफाईला पाइप कापावा लागत नाही. सगळं मिळून १,१४०.

शनिवारी, १३ तारखेला जोडणी केली. सॉल्व्हंट सिमेंटचा वास इतका की सासूबाई देवळात गेल्या. ते चोवीस तास वाळू द्यावं लागतं, घाई करू नका. पंपाखाली पातळ सिलिकॉन चटई दिली, नाहीतर कपाट गुणगुणतं. वरच्या तोंडाची पातळी पाच सेंटिमीटरवरून दीडवर आणली आणि पाण्याच्या पातळीच्या जरा खाली पाइपाला चार मिलिमीटरचं भोक पाडलं. वीज गेली की पाणी त्या भोकाच्या खाली उतरताच हवा शिरते आणि सायफन तुटतो. एकमार्गी झडप का नाही, असं मुलाने विचारलं. झडपेवर मिठाचे, चुन्याचे थर बसतात आणि नेमकी हवी तेव्हा ती अर्धवट उघडी राहते, हे दुकानदारांनीच सांगितलं होतं.

रविवारी पहिली परीक्षा बादलीची. वरचं तोंड पंधरा लिटरच्या बादलीत वळवायचं आणि मोबाइलवर सेकंद मोजायचे. पूर्ण वेगाला सहज जास्त येत होतं, मी ६५ टक्क्यांवर आणलं. ४१ सेकंद. म्हणजे ताशी सुमारे १,३२० लिटर, पावणेसहापट. गडगडाट नाही, बुडबुडे नाहीत.

दुसरी परीक्षा जास्त महत्त्वाची. सम्प चालू असताना २५ सेंटिमीटरला चिकटपट्टीची खूण केली आणि बटण बंद केलं. सासूबाई, नवरा आणि मी कपाटासमोर मांडी घालून बसलो. पाणी वाढत गेलं. २७, २९, ३०. साडेतीस सेंटिमीटरवर वरून फुर्र असा आवाज आला, भोकात हवा शिरली, आणि थांबलं. काठाला साडेसात सेंटिमीटर शिल्लक. म्हणून तर पातळी २५ धरता आली. चार वेळा करून बघितलं. प्रत्येक वेळी बटण पुन्हा दाबलं की पंप हलके हलके वेग घेत सुरू.

१८ एप्रिलच्या गुरुवारी वीज गेली तेव्हा मी ऑफिसातच होते. फोन आला नाही. मीच केला. "झोपू दे," म्हणाल्या.

बिलाचं सांगते. ८५ वॉटचा पंप महिन्याला ६१ युनिट खातो. हा या वेगाला मीटरवर २८ वॉट दाखवतो, म्हणजे २० युनिट. आमच्या टप्प्यात सगळे आकार धरून युनिट तेव्हा बारा रुपयांच्या आसपास पडत होतं, म्हणजे महिन्याला पाचशेच्या जवळपास वाचत होते. किमतीतला फरक सातेक महिन्यांत निघतो. इन्व्हर्टरचा एक मुद्दा राहिला. आमचा जुना स्क्वेअर वेव्हचा आहे, त्याच्यावर एसी पंप घोंघावतात आणि तापतात. मी पंप इन्व्हर्टरवर घेतलेलाच नाही. बॅटरीवर चालणारा हवेचा छोटा पंप ९५० रुपयांना आणला, वीज गेली की तो आपोआप सुरू होतो. माशांना तेवढ्या वेळात हवाच हवी असते.

१४ जुलैला पहिली सफाई केली. त्याआधी बादली भरायला ४९ सेकंद लागत होते. पंप उघडला तर चाकाच्या पात्यांवर चुन्याचा राखाडी थर, नखाने निघत नव्हता. अर्धं पांढरं व्हिनेगर, अर्धं पाणी, अर्धा तास. चाकाचा दांडा चिनी मातीसारखा असतो, पडला की दोन तुकडे, म्हणून हे काम सिंकवर न करता जमिनीवर टॉवेल पसरून करा. जुन्या टूथब्रशने घासलं, धुतलं, लावलं. ४२ सेकंद.

कपाटाच्या दाराला आतून एक चिठ्ठी चिकटवली आहे. १४ एप्रिल, ४१. १४ जुलै, ४९, सफाईनंतर ४२. पुढची ओळ रिकामी आहे, तिच्यापुढे सासूबाईंनी पेन्सिलीने लिहून ठेवलंय: दसरा, शस्त्रपूजनाआधी.